वर्तणूक : चांगली

"उद्या दाखला देऊन टाका. वर्तणुकीपुढं 'चांगली' लिहा," हेडमास्तर म्हणाले.

मी कोल्हापूरच्या एका हायस्कूलमध्ये नववीचा वर्गशिक्षक होतो. आदल्या दिवशी माझ्या वर्गातल्या दिलीपनं भर ग्राउंडवर ड्रिलच्या सरांच्या थोबाडीत मारली होती. त्यांनी त्याला रांगेतून बाहेर काढलं, एवढंच निमित्त. सगळ्या शाळेनं पाहिलं.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीचा एक रकाना असतो. आमच्याकडं तो वर्गशिक्षक भरायचा. तिथं 'असमाधानकारक' पडलं की दुसरी शाळा दारात उभं करत नाही. म्हणून बऱ्याच शाळा एक युक्ती करायच्या. बापाकडून अर्ज घ्यायचा, 'चांगली' लिहायचं आणि दाखला हातात ठेवायचा. पोराचं शिक्षण वाचतं, आपली ब्याद टळते.

दिलीपचे वडील गडमुडशिंगीहून आले होते. "सर, शाळंतनं काढा, पर शेरा मारू नगासा. कुठंच घेणार न्हाईत त्येला."

मी लिहिलं. मागं ड्रिलचे सर कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही.

"म्हंजे मला मारलं, ती चांगली वर्तणूक व्हय?"

मी टीपकागद दाबत बसलो. लाज वाटली, पण खोडलं नाही.

जूनमध्ये संस्थेनं मला बढती देऊन गारगोटीच्या शाखेत हेडमास्तर केलं. पहिल्याच दिवशी क्लार्कनं प्रवेशाचे कागद पुढं ठेवले. वरचा दाखला माझ्याच अक्षरातला! दारात दिलीप आणि त्याचे वडील. पोराला इथं मामाकडं ठेवलं होतं. मला बघून दोघंही एक पाऊल मागं सरले.

"घेऊया की सर. वर्तणूक चांगली हाय," क्लार्क म्हणाला.

नाही म्हणावं तर खोटारडा मीच ठरणार. मी दिलीपला म्हटलं, "आधी कोल्हापूरला जा. सरांना मारलंस सगळ्यांसमोर, माफीही सगळ्यांसमोर माग. त्यांची चिठ्ठी आण, मग प्रवेश."

"मी घिऊन जातो त्येला," वडील म्हणाले.

"तुम्ही नाही. एकटा जाईल."

तिसऱ्या दिवशी त्यानं चिठ्ठी आणून दिली. ड्रिलच्या सरांचं ठसठशीत अक्षर : 'दिलीपनं प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर माफी मागितली. त्याला प्रवेश द्या. तुम्ही कधी येताय?'

दिलीपला प्रवेश दिला आणि माझ्या वाट्याची माफी मागायला रविवारची कोल्हापूरची पहिली एसटी धरली.

पुढं निवृत्त होईपर्यंत 'चांगली' लिहिण्याआधी मी पोराला आणि त्यानं ज्याला दुखावलं त्याला समोरासमोर बसवायचो. बरेच दाखले मग द्यावेच लागले नाहीत.