बोटाएवढी धार

कळंबात तीस वर्षं निम्म्या गावानं सकाळी उठून ज्याला शिव्या घातल्या, तो हा धावजी राठोड. माणूस सोन्यासारखा हो, पण काम तसं होतं. नळयोजनेचा वॉलमन. एका मोहल्ल्याचा वॉल उघडला की दुसऱ्या मोहल्ल्यातली धार बारीक, आणि मग बाया रिकाम्या गुंड्या घेऊन त्याच्या सायकलीमागे. धावजीनं कधी उलटून शब्द टाकला नाही. चावी फिरवायची, पाइपाला कान लावायचा आणि पाणी कुठवर पोचलं ते सांगायचं. चुकायचा नाही.

निवृत्त झाल्यावर त्यानं परसात खाटेएवढं सिमेंटचं टाकं बांधलं, कमळ लावलं, लाल मासे सोडले. बायको मथुराबाई सकाळचा चहा टाक्याच्या काठावर बसून प्यायची. नजर अधू होत गेली तशी तिनं डोळे तपासायची रीतही तिथंच बसवली. "आज तीनच दिसले," म्हणायची. पुढे एकच दिसायला लागला. डॉक्टरवर तिचा विश्वास नंतर, टाक्यावर आधी.

मार्चात यवतमाळला उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. हिरवी पट्टी सुटली, काळा चष्मा लागला, आणि घरी आल्यावर आठवड्यानं बाई चहा घेऊन टाक्यावर गेली. एक मासा दिसेल तर शपथ. नुसतं हिरवं. उन्हानं तोवर टाक्याचं पाणी उकळलेल्या पालकासारखं झालं होतं, पण तिला कोण सांगणार! पट्टीचा हिरवा रंग डोळ्यात उतरला, असं तिनं ठरवून टाकलं.

"एक डोया वाया गेला थे पुरे," ती म्हणाली. "दुसऱ्याले हात लावू देत नाई मी."

"अवं, पानी हिरवं हाये," धावजी म्हणाला.

"समजावा मले. सारेच समजावून राह्यले."

भिंतीवरचं घड्याळ तर वाचतेस ना, असं विचारलं, तर म्हणे ते डाव्या डोळ्यानं दिसते. डाव्यात तर मोतीबिंदू पिकून पांढरा झालेला! डॉक्टरांनी त्यासाठी दीड महिन्यानंतरची तारीख दिली होती, उशीर केला तर डोळा हातचा जाईल असंही बजावलं होतं. धावजीला जेवण जाईना. बायकोची नजर त्या पाण्यात अडकली होती, आणि पाणी म्हणजे तर त्याचं काम.

त्यानं टाकं उपसून वांग्यांना घातलं, पुन्हा भरलं. आठ दिवसांत परत हिरवं. शेजारी म्हणाले, आणखी एकदा बदला. पण नळ चौथ्या दिवशी येत होता. कोणत्या घरातली गुंडी उन्हाळ्यात कोरडी असते हे तोंडपाठ असलेला माणूस, तो चांगलं पाणी कसा फेकणार? ब्लीचिंग घालावं तर मासे मेले असते. मोठा माणूस आहे धावजी, हे मी उगाच म्हणत नाही.

गल्लीतली जया घरोघरचे आरओ दुरुस्त करते. तिनं एका मोडीतल्या मशीनमधला यूव्हीचा दिवा आणून दिला. हातभर लांब स्टीलचा पाइप, आत काचेची नळी.

"याच्यातून पानी गेलं का हिरवं मरते, काकाजी. पन नळी बाहेर काढून पेटवू नका. उघड्यानं पाह्यलं त डोये जातात."

धावजीनं कूलरचा पंप जोडला, मेलेलं शेवाळ अडकायला बादलीत रेती-गिट्टीचे थर दिले, पुढे दिवा, आणि दिव्याआधी एक वॉल. तो वॉल त्यानं पुरा उघडला. का नाही उघडणार? जन्मभर बारीक धारेपायी शिव्या खाल्ल्या, आता घरचा वॉल, घरची धार! पाणी धो-धो टाक्यात पडायला लागलं आणि म्हातारा खुर्ची टाकून बघत बसला.

दहा दिवस गेले. पाणी होतं तसंच.

"दिवा लागते म्हन्ता," मथुराबाई म्हणाली, "मले त उजेडही दिसत नाई." स्टीलच्या आतला उजेड कोणालाच दिसत नव्हता, पण हे तिला पटवायचं कसं?

जया बघायला आली आणि धार पाहून हसत सुटली. "काकाजी, पानी पयून राह्यलं. दिव्यापाशी थांबतच नाई त हिरवं मरन काय?"

धावजी ओशाळला. मग वॉलवर हात ठेवून, पाइपाला कान लावून त्यानं चावी आवळत आणली, धार बोटाएवढी होईपर्यंत. इतकी बारीक धार त्यानं हौसेनं कधी सोडली नव्हती. मग रोज बादलीतला हिरवा गाळ धुवायचा आणि वाट बघायची. सहाव्या दिवशी टाक्याचा तळ दिसला. तारखेला दोन दिवस उरले होते.

 त्यानं तिचा चहा काठावर नेऊन ठेवला आणि वांग्यांपाशी उगाच वाकून राहिला. जयाही दिवा बघायच्या निमित्तानं थांबली होती. मथुराबाईनं चष्मा काढला. बोटानं मोजत गेली.

"अकरा," ती म्हणाली.

 धावजीनं तर सात सोडले होते. टाक्यावर येऊन त्यानं स्वतः मोजले, सातच. म्हणजे डोळा खरंच बिघडला, बाईला एकाचे दोन दिसताहेत. 

जयानं वाकून पाहिलं. "अकराच हायेत, काकाजी. चार पिल्लं झाली. हे काय, जिऱ्याएवढी."

धावजीनं कपाळावर हात धरून पुन्हा पाहिलं. दुसऱ्या बाजूनं येऊन पाहिलं. सातच.

मथुराबाई आता माशांकडे नाही, त्याच्याकडे बघत होती.

"जाऊ परवा यवतमायले," ती म्हणाली. "माहा एक डोया, अन् तुमचे दोन."