बानं दिलेली खोटी कबुली

मांडवगण फराट्याजवळ भीमेच्या काठावर आयनं माझं गाठोडं नावेत ठेवलं, तेव्हा नाववाल्यानं भाड्याआधी दुसरंच विचारलं.

"पाटलाची चिठ्ठी हाय का? पारध्याचं पोर बिनचिठ्ठीचं न्हेलं म्हनून माझी पाठ सोलत्याल."

"आमाला जल्मानं चोर ठरवनारा कायदा उठला, दादा," आय म्हणाली. "आता चिठ्ठी लागत न्हाई."

"कायदा पुण्यात उठला, बाय. पाटील हितंच हाय."

नावेतली माणसं हसली. मग त्यांनी आपापली गाठोडी मांडीवर ओढून घेतली आणि मला टोकाला उभं राहू दिलं. आय काठावरून ओरडली, "मागं बघू नको, हिरामण! पळतुया वाटंल त्यांना." मी चौदा वर्षांचा होतो. दौंडच्या एका वसतिगृहात आठवीसाठी माझं नाव लागलं होतं. बा निरोपाला नव्हता. तो तुरुंगात होता, आणि माझ्यामुळं होता.

माळावरच्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं निसटून शहराकडं गेलेल्या पोरांनो, हे तुमच्यासाठी लिहितो आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्याला आपलं वाटेल त्यानं आपलं समजावं.

शाळेचा पहिला दिवस मला मारासकट आठवतो. गुरुजींनी हजेरी घेतली. माझं नाव आलं आणि मी बाकावरून उतरून जमिनीवर उकिडवा बसलो, दोन्ही हात डोक्यावर, नजर खाली. मला हजेरी तेवढीच ठाऊक होती. रोज सकाळी चावडीपुढं आमचे पुरुष असेच ओळीनं बसायचे, आणि पाटील नाव घेऊन एकेकाचं थोबाड वर करून बघायचा. कायदा गेल्यावरही ती हजेरी गेली नव्हती. वर्ग खदाखदा हसला. गुरुजीही हसले, आणि त्यांनी मला उभं केलं नाही. "बस तसाच. रक्तातच हाय तुमच्या," म्हणाले. सातवीपर्यंत मी शाळेची हजेरी तशीच दिली. पायांना मुंग्या यायच्या. मधल्या सुट्टीत पोरं माझ्या डोक्यावर हात ठेवून "जमादार आला" म्हणत आणि पाठीत लाथ घालत. हळूहळू मलाही तेच बरोबर वाटू लागलं. बाक त्यांचा, जमीन माझी.

तरी मी शाळा सोडली नाही, कारण बा सोडू देईना. तो शिरूरच्या बाजारात सभांची पत्रकं जमिनीवरून उचलायचा, धूळ झटकून मला आणून द्यायचा. छापलेला प्रत्येक कागद शाळेच्या कामाचा, अशी त्याची समजूत होती. 'माणूस माणसासारखाच' हे वाक्य मी धड्यात नाही, तुडवलेल्या पत्रकावर वाचलं. पालात मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा बा म्हणाला, "पुन्ना वाच." पुन्हा वाचलं. "पुन्ना."

सातवीच्या परीक्षेला तीन दिवस होते आणि शाळेची पितळी घंटा नाहीशी झाली.

दुपारी पोलीस जमादार आणि पाटलाचे गडी माळावर आले. त्यांनी पालांचे खुंट उपटले, मडकी फोडली, भाकरी तव्यासकट पायाखाली घातली. म्हाताऱ्या सुंद्री आजीला केसांनी ओढून बाजूला फेकलं. मला चावडीत नेलं, कारण शाळेत जाणारा पारधी मी एकटाच. जमादारानं माझा उजवा हात पायरीवर ठेवायला लावला आणि काठीनं बोटांवर मारलं. "याच हातानं न्हेली ना?" मी नाही म्हणालो. पुन्हा काठी. "व्हय म्हन. सुटशील."

आता जे लिहितो ते लिहायची मला आजही शरम वाटते. सहाव्या-सातव्या काठीला मला घंटा आठवू लागली. तिचं वजन हाताला जाणवलं, ती मी फडक्यात गुंडाळतोय असं दिसलं. नेली असेल का मी? गुरुजी म्हणायचे ते रक्तातलं हेच असेल का? मला घंटेची जागाही सुचायला लागली होती. तोंड उघडणारच होतो.

तेवढ्यात बा दारात आला.

आमच्यात एक रीत होती. काही चोरीला गेलं की जमादाराला एक माणूस लागायचा, आणि तो मिळेपर्यंत सगळी वस्ती मार खायची. म्हणून म्हातारे बसून ठरवायचे, या खेपेला कोण. ज्याची पाळी तो जाऊन 'व्हय, मीच' म्हणायचा. त्या साली पाळी बाची नव्हती. मागच्याच साली तो आत जाऊन आला होता.

"पोरगं सोडा, सायेब," बा म्हणाला. "घंटा म्या न्हेली. वितळून इकली."

जमादारानं त्याला आडवा पाडला आणि बुटानं बरगड्यांवर लाथा घातल्या. बा जमिनीवरून माझ्याकडं बघून आमच्या बोलीत एवढंच म्हणाला, "परीक्षेला जा." मी खरं सांगू शकलो असतो. घंटा गेली तेव्हा माझा बाप आयबरोबर निमोण्याच्या शिवारात शेंगा काढत होता, हे मला ठाऊक होतं. मी गप्प बसलो. सुटलो.

शिरूरच्या केंद्रावर माझी बोटं मिटत नव्हती. आयनं लुगड्याची चिंधी फाडून शाईचा टाक बोटांना बांधला. मी पास झालो.

निकाल लागला त्याच उन्हाळ्यात गावच्या विहिरीचा गाळ काढला आणि घंटा वर आली. परीक्षेच्या धास्तीनं पाटलाच्या पुतण्यानं ती विहिरीत टाकली होती. गाव हसलं. "पोरंच ती, करायचीच!" आय पाटलाकडं गेली, नवऱ्याला सोडवा म्हणाली. पाटील म्हणाला, "कबुली दिलीय त्यानं. कागूद झालाय. घंटंचा काय संबंध?" घंटा पुन्हा टांगली आणि पोरं तिच्या टोलावर शाळेत जाऊ लागली. बानं शिक्षा पुरी भोगली.

आता मी दौंडात एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतो. रेल्वेच्या लोको शेडच्या भोंग्यावर उठतो, कामगारांच्या युनियनची पत्रकं जुळवतो, लिहितोही. इथं गार्डाची, फायरमनची, सगळ्यांची पोरं एका नळावर भांडतात. वसतिगृहात पहिल्या हजेरीला माझे गुडघे आपोआप वाकले होते. मी भिंतीला धरून उभा राहिलो आणि 'हजर' म्हणालो. अजूनही माझं नाव कुणी मोठ्यानं घेतलं की गुडघ्यात काहीतरी हलतं.

यंदा मी माळावर गेलो. चावडीत जाऊन, माणसं गोळा करून, बाची कबुली खोटी होती असं पाटलाकडून लिहून घ्यायचं ठरवून गेलो होतो. बानं मला पालाच्या दारातच अडवलं. बरगड्या नीट जुळल्या नाहीत, त्यामुळं तो वाकून चालतो.

"गप ऱ्हा," म्हणाला. "तुला द्यायला माझ्यापाशी तेवढंच हुतं. ते खोटं म्हनू नको."

मी चावडीत गेलो नाही. पण बा, या एका बाबतीत मी तुझं ऐकणार नाही. तू दिलंस ते खरं आहे. त्यांनी घेतलं ती चोरी आहे. लोक विचारतात, घर कुठं? दौंडला माझी खोली आहे, माळावर माझं पाल आहे. पण पोराला परीक्षेला बसवायचं म्हणून जिथं बापाला चोर व्हावं लागतं, त्या जागेला घर म्हणायला माझी जीभ वळत नाही. ते घर मला अजून मिळवायचं आहे, आणि त्याच माळावर मिळवायचं आहे.

माळावर आता तिघं पोरं शाळेत जातात. त्यांच्यापैकी कुणीतरी हे बाला वाचून दाखवा. तो मधेच "गप ऱ्हा" म्हणेल. थांबू नका. शेवटपर्यंत वाचा.