वंदनाच्या पोटावरचा माझा हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — देवापुढे हात जोडतानाही हे तेवढं वगळून बोलते.

अड्याळजवळच्या आमच्या गावात मी आशाताई, म्हणजे सरकारची आरोग्य कार्यकर्ती. कुणाचं काही दुखलं की लोक आधी माझ्या दारात येतात. मलाही ते आवडतं, खोटं कशाला बोलू?

ऐन रोवणीत, धानाची लावणी चालू असताना, माझी धाकटी जाऊ वंदना पोट धरून बसली. आधी बेंबीजवळ दुखत होतं, मग उजवीकडे खाली. दोनदा उलटी झाली, अंग तापलं. मी तिथे बोटांनी दाबलं — आणि हात उचलला तशी ती किंचाळली, "माय वो!" दाबताना नाही एवढी सोडताना. प्रशिक्षणात हेच तर शिकवलं होतं! अपेंडिक्स. चोळायचं नाही, लगेच दवाखान्यात न्यायचं. मला कळलं होतं — अगदी लख्ख कळलं होतं.

मग बोलले का नाही? धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटून झाले होते, शेतातल्या बांधीत चिखल तयार, रोवायला बाया सांगून ठेवलेल्या. ती भंडाऱ्याच्या दवाखान्यात गेली असती तर सोबत मलाच जावं लागलं असतं, आणि रोवणी अडली असती — माझ्या बांधीची. म्हणून म्हटलं, "काई नाई वं, बेंबी सरकली तुही." सासूबाईंच्या हाती तेलाची वाटी मीच दिली. बेंबी सरकली की आमच्याकडे पोट चोळतातच, कुणाला शंका येणार? दोन दिवस ती घरात विव्हळत होती आणि मी बांधीत वाकून रोवत होते. लाज वाटते सांगताना.

तिसऱ्या दिवशी अपेंडिक्स फुटलं. भंडाऱ्याला नेलं तेव्हा डॉक्टर चिडले, इतका उशीर का केला? आणि मी — तोंड वर करून — म्हणाले, "मी तं पयल्याच दिवशी चाल म्हणून राहिली होती, हेच आयकत नव्हती."

वंदना स्ट्रेचरवर होती, शुद्धीत. तिनं माझ्याकडे पाहिलं.

वाचली ती. पण दीर अजून चारचौघांत तिला टोचतो, "वयनीचं आयकलं असतं तं एवढं पोट फाडा लागलं नसतं." ती मान खाली घालते. मी तिथंच असते, भात वाढत. एकदा तरी तोंड उघडलं का मी? नाही.

परवा तिच्या लेकीच्या पोटात दुखायला लागलं. आमची भिंतीला भिंत, मी दारातच उभी होते. वंदनानं पोरीला ॲटोत बसवलं आणि माझ्यासमोरून सरळ भंडाऱ्याला निघून गेली. मला विचारलं नाही. बरोबरच केलं तिनं.