दाखल दफ्तर

हत्यार जमा झाले संस्थान संपवणाऱ्या पोलीस कारवाईनंतरच्या पहिल्या दसऱ्याआधी. जबाबदार, तेव्हाचे अमीन, म्हणजे ठाण्याचे अधिकारी. ते परत मागणाऱ्या अर्जावर शेरा पडला पुढच्या वर्षी, कापूस वेचणीच्या दिवसांत. जबाबदार, कचेरीतले अव्वल कारकून. माणूस मेला राज्यांची फेररचना झाली त्या हिवाळ्यात, बेला गावाच्या वाटेवर, भर दुपारी. जबाबदार, कुऱ्हाड घालणारे दोघे आणि वर लिहिलेले दोघे. आणखी एक नाव शेवटी लिहीन.

मेला तो जिनिंगच्या कापूसगाड्यांचा राखणदार होता. लोक बोलता बोलता मिशीवर हात फिरवतात. याचा उजवा हात पोटावरून डाव्या कमरेला जाई, तिथे थबके आणि परत येई. तिथे कातडी म्यान होते, म्यानात परवान्याचे रिव्हॉल्वर. मी मुन्सफ कोर्टात पेशकार, म्हणजे साहेबापुढे कागद मांडणारा कारकून होतो. परवाना उर्दूत होता. तो मला वाचायला देई आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच पाठ म्हणून दाखवी.

हत्यार अंगावर कुठे बाळगावे, यावर चावडीत वाद होत. एक जमादार म्हणाला, पाठीशी खोचावे, कुणाला दिसत नाही. राखणदाराने बाजारातले लांब वांगे आणून जमादाराच्या पाठीशी खोचले आणि त्याला गाडीच्या फळीवर बसवले.

"काढा आता, जमादारसाहेब!"

जमादार वाकला, तिरका झाला, कण्हला. वांग्याचे बी खाकीला लागले.

"चोर थांबन का तुमाले उठू देयाले?"

"मग बगलेत ठेवावं," कोणी म्हणाले.

"ठेवा. पयले बंडीच्या गुंड्या सोडा, मंग गोळी मारा."

"पिशवीत?"

"पिशवी त चोर पयलेच नेते! उजवी कमर उभ्या मानसाले बरी. गाडीत बसलं का तेथं गाडीवानाचं कोपर येते. म्हून डावी बाजू, मूठ उजवीकडं. पेशकारसाहेब, हात जाते तेथं हत्यार पायजे. हत्यार हुडकता हुडकता मानूस मरते."

वाचकहो, ही बढाई नव्हती. एकदा नाल्यात तिघांनी गाडी अडवली आणि एकाने गाडीवानाच्या गळ्याला कोयता लावला. राखणदार बसल्या जागेवरून हललाही नाही. फक्त हात पोटावरून गेला आणि आला, एक बार झाला. कोयता धरणाऱ्याची दोन बोटे कापसात पडली, पांढऱ्या ढिगावर रक्त उडाले आणि तिघे पळाले. गावाने त्याला हार घातला. तो मात्र दोन दिवस जेवला नाही. मला म्हणाला, "बोटं लेकराच्या बोटावानी दिसली, साहेब."

अशा माणसाचे हत्यार अमीनांनी काढून घेतले. नव्या राजवटीत हत्यारे जमा करण्याचा हुकूम होता. हुकूम मला मान्य आहे. परवाना तपासून हत्यार परत द्यायचे, हेही त्याच हुकमात होते. राखणदाराने अर्ज केला. महिन्याभराने तो नाचतच माझ्याकडे आला.

"दाखल झाला, साहेब! दफ्तरात दाखल!"

"अभिनंदन," मी म्हणालो.

शेरा मारून मिळालेला तो कागद त्याने रिकाम्या म्यानात घडी करून ठेवला. दरवर्षी खंडेनवमीला घरोघर शस्त्रे पुजली जात; तो त्या म्यानाला हळदकुंकू वाही. दरवर्षी कचेरीत जाऊन विचारी, "दाखल हाय नं?" अव्वल कारकून मान वर न करता म्हणत, "हां, दाखल दफ्तर है." तो रामराम करून हसत परत येई. अशी सात वर्षे गेली. गाड्या चालत होत्या, म्हणून तोही लाठी घेऊन गाडीवर बसत होता. "म्यान रिकामं हाय हे चोराले काय मालूम?" म्हणे.

चोरांना मालूम झाले. गाडीवानाने कोर्टात दिलेली जबानी मी माझ्या हाताने लिहून घेतली आहे:

"कुऱ्हाड उचलली तवा त्यायचा हात कमरेले पोचला होता, साहेब. त्यायचाच पयले. पन हातात कागद आला. त्यायनं कागदाकडं पायलं. मंग मानेवर घाव बसला. मंग दुसरा."

तो कागद पुराव्यात आला. रक्ताने घड्या चिकटल्या होत्या. त्या मी पाण्याने सोडवल्या. आत दोन शब्द होते: दाखल दफ्तर. त्याच्या मराठी कानाला अर्ज स्वीकारला गेला होता. कचेरीच्या उर्दूत त्याचा अर्थ, प्रकरण संपले, कागद दप्तरात बांधून ठेवावा. हे दोन शब्द मी स्वतः शेकडो अर्जांवर लिहिले आहेत. "दाखल झाला" असे तो नाचत म्हणाला, तेव्हा प्रत्येकाकडून कागद मागून पाहणाऱ्या मी तेवढा एक कागद मागितला नाही. राहिलेले नाव माझे.

मी माझे उत्तर येथे छापून दिले आहे. आता अव्वल कारकुनांनी कचेरीच्या पायरीवर उभे राहून, चारचौघांत, गाडीवानाला समजेल अशा मराठीत उत्तर द्यावे: सात वर्षे नकार ऐकून एक माणूस दरवर्षी हसत परत जात होता. तो का हसतो, हे तुम्ही त्याला एकदाही का विचारले नाही?