फिकट पिल्लू

मेघना ही वृंदाची, म्हणजे माझ्या बायकोची, ऑफिसातली नवी मैत्रीण. ती घरी कॉर्न स्नेक पाळते. बिनविषारी, केशरी साप. अंडी फुटली म्हणून तिने आम्हाला पिल्लं बघायला बोलावलं.

"आईबाप दोघंही केशरी," ती सांगत होती, "पण दोघांच्याही रक्तात फिकट रंग दडलाय. तो दोघांकडूनही आला, तरच पिल्लू फिकट होतं. दर अंड्याला शक्यता चारात एक. आधीचं फिकट निघालं म्हणून पुढचं सुटत नाही."

वृंदाने माझ्याकडे पाहिलं नाही. दवाखान्यात आम्ही हेच ऐकलं होतं. आम्ही दोघंही धडधाकट, आणि दोघांच्याही रक्तात थॅलेसेमिया दडलेला, हे मुलगी आजारी पडल्यावरच कळलं. परक्यांचं रक्त घेत ती काही वर्षं जगली. ती गेल्यावर दुसऱ्या मुलाची हिंमत झाली नाही. आपल्या अंगात काय वाहतंय हे माणसाला ठाऊक नसतं, आणि सगळ्यांत लाडक्या जिवाला तो नेमकं तेच देऊन बसतो.

मेघनाने डब्याचं झाकण उघडलं. केशरी पिल्लांत एक फिकट गुलाबी होतं, लाल डोळ्यांचं.

"निघालं की नाही!" ती आनंदाने ओरडली. आमचं तिला काहीच माहीत नव्हतं.

वृंदाने ते पिल्लू तळहातावर घेतलं. "याला काही त्रास नाही ना होणार?"

"छे गं, नुसता रंग वेगळा."

"नुसता रंग," वृंदा हळूच म्हणाली. मेघनाने हात पुढे केला, तरी तिने ते बराच वेळ परत दिलं नाही.