दिलदार रंगाऱ्याचा पाटील

महाराजांनी वेठबिगार बंद केली, त्या साली कोल्हापुरात रंगपंचमीला तालमीसमोर सोंगांची स्पर्धा भरली. दिलदार रंगाऱ्यानं माणसं वेठीला धरणाऱ्या पाटलाचं सोंग काढलं. महिनाभर त्यानं चाल घोटली, बोलणं घोटलं. त्याचा मित्र कृष्णात वेठकरी झाला, पाठीवर खरंखुरं पोतं घेऊन. लोक पोट धरून हसले.

परीक्षक हंबीरराव तेवढे हसले नाहीत. ते स्वतः एका गावचे पाटील. दिलदारनं पटका हुबेहूब त्यांच्यासारखा बांधला होता, शेमला डाव्या कानावर सोडून. तसा बांधणारा दुसरा माणूस त्या गर्दीत नव्हता.

"पटका बदल, पयला नंबर तुझा," हंबीरराव म्हणाले.

"बदल की गा," कृष्णात कुजबुजला. "पटक्यात काय हाय?"

"त्यातच तर पाटील हाय!" दिलदार तडकला. "बाकी नुसती मिशी!"

त्यानं पटका बदलला नाही. पहिला नंबर गदा खांद्यावर टाकून नुसत्या उभ्या राहिलेल्या मारुतीला गेला, सलग तिसऱ्या वर्षी. दिलदारनं डिंकानं चिकटवलेली मिशी रागानं ओढली, तर ओठाची साल निघाली.

"पुढल्या साली आपण बी मारुतीच करू," कृष्णात म्हणाला.

दिलदारनं आठवडाभर त्याच्याशी बोलणं टाकलं.