चुलतीच्या हयातीचा राखणदार

ज्याच्या मरणाने आपल्याला जमीन मिळणार, त्याच माणसाला जगवण्यासाठी जिवाचं रान करणारा वारस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे आमच्या कोल्हारच्या मावशीचा पुतण्या. मावशीला मूलबाळ नव्हतं. तिच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की पेरूची बाग आणि बागेतलं घर मावशीने हयातीपर्यंत वापरावं, उत्पन्न खावं, पण विकू नये. तिच्या माघारी सगळं या पुतण्याचं. सातबाऱ्यावर मालक म्हणून त्याचं नाव आणि 'इतर हक्क' या रकान्यात मावशीचं, अशी ती व्यवस्था. दुसरा कुणी नुसता वाट बघत बसला असता. याने मावशीचं मीठ कमी केलं.

सकाळी तिला बांधावरून फिरवून आणायचं, बीपीची गोळी समोर उभं राहून गिळायला लावायची, मोरीत शेवाळ धरलं की स्वतः घासायचं, हा याचा दिनक्रम. मोतीबिंदूसाठी तिला नगरला नेलं तेव्हा याने डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले, की त्यांनी शेवटी याचाच रक्तदाब तपासला. मावशी वैतागून मला म्हणायची, "मी मेले तर जिमीन त्याची हुनार. अन् मला भज्याचं तोंड बघू देत न्हाई मेला."

मृत्युपत्र मात्र दोघंही अक्षरशः पाळत. एकदा बागेतलं एक झाड वाळलं. मावशी म्हणे, फळ माझं, झाड त्याचं, मी कशी तोडू? हा म्हणे, काकू आहे तोवर बाग तिची, मी कुऱ्हाड कशी लावू? एकमेकांना विचारून तोडा, असं मी परोपरीने सांगितलं, पण आधी विचारायचं कुणी यावर गाडी अडली. शेवटी वाऱ्याने झाड पाडलं आणि त्याचं सरपण दोघांनी एकमेकांच्या दारात नेऊन टाकलं.

बाग हमरस्त्याला लागून. एका हॉटेलवाल्याचा तिच्यावर डोळा गेला. वकील म्हणाले, दोघांनी सही केली तर आजच विकता येईल, एकट्याची चालायची नाही. पुतण्याच्या मुलाला पुण्यात फ्लॅट घ्यायचा होता, त्यामुळे घरात रोज कटकट. मावशीने आपणहून सांगितलं की मी सही देते आणि तुझ्याकडे येऊन राहते. पुतण्याने हॉटेलवाल्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि मुलाला बजावलं, "ती हाय तवर हा इषय काढायचा न्हाई."

मागच्या हिवाळ्यात मावशी गेली. इतकं जपलं, पण शेवटच्या तापाने त्याचं काही ऐकलं नाही. तलाठी म्हणाले, मृत्यूचा दाखला आणा, इतर हक्कातलं नाव कमी करून टाकू. हॉटेलवालाही तेवढ्यासाठीच थांबलाय. दाखला मिळून महिने झाले, तरी हा तलाठ्याकडे फिरकत नाही. परवा गेलो तेव्हा मी त्याला समजावलं, की मावशीचा हक्क ती गेली त्याच दिवशी संपला, नाव राहिलं काय न् गेलं काय, बाग तुझीच आहे.

"ते म्हाईत हाय, भाऊ," तो म्हणाला. "पन ते नाव मीच जाऊन काढायचं, म्हंजी काकूला मीच घराबाहेर काढल्यावानी वाटतं."

पुन्हा काही मी त्याला तलाठ्याकडे जा म्हणालो नाही.